साहेब फार चांगले आहेत, पण बढती मिळत नाही

नोकरीत मागे का पडलात असे विचारले, तर बहुतेक माणसे दोनपैकी एक उत्तर देतात. नशिबात नव्हते, किंवा साहेब वाईट होता. नशिबाचा हिशेब मांडणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून दुसऱ्या उत्तराकडे वळतो. आमचे म्हणणे असे की, माणसाची वाट अडवणारा वरिष्ठ पुष्कळदा वाईट नसतोच. ओरडणारा, चारचौघांत अपमान करणारा साहेब पहिल्या महिन्यातच ओळखू येतो. त्याच्या हाताखालचा माणूस वर्ष-दोन वर्षांत दुसरी नोकरी शोधतो आणि सुटतो. जास्त नुकसान होते ते पाठ थोपटणाऱ्या, आजारपणात चौकशी करणाऱ्या, ईदला घरी येऊन शीरखुर्मा खाणाऱ्या साहेबाच्या हाताखाली. तेथे माणूस दहा-दहा वर्षे बसून राहतो आणि आपण बसून राहिलो आहोत हे त्याला उशिरा कळते.

या पानाचे अनेक वाचक कचेरीत किंवा कंपनीत शिरलेल्या पहिल्या पिढीतले आहेत. वडील भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर, कोकणातले असतील तर बोटीवर किंवा आखातात, नाहीतर बाजारात गाळ्यावर. मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन खुर्चीवर बसली याचाच घरात आनंद असतो. पण खुर्चीवर बसल्यानंतर पुढची खुर्ची कशी मिळते, साहेबाच्या गोड बोलण्याचा अर्थ काय काढायचा, हे सांगणारे घरात कोणी नसते. घरचा सल्ला एकच असतो : ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखा. सल्ला चांगलाच आहे. मात्र इमान राखणे आणि आपले वय फुकट घालवणे यांतला फरक ज्याचा त्यानेच ओळखायला हवा.

नुकसान किती होते?

एक साधा हिशेब करू. महिना तीस हजार पगाराच्या माणसाला बढतीबरोबर वीस टक्के वाढ मिळणार होती असे धरा. म्हणजे महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. बढती पाच वर्षे लांबली तर तीन लाख साठ हजार रुपये गेले. यात पुढच्या वेतनवाढी धरलेल्या नाहीत. मूळ पगार वाढला असता तर त्यावर बेतलेला भविष्य निर्वाह निधी आणि उपदानही वाढले असते, तेही धरलेले नाही. एवढ्या रकमेत बहिणीचे लग्न होते किंवा मुलाच्या शिक्षणाची दोन-तीन वर्षे निघतात. शिवाय अठ्ठाविसाव्या वर्षी जो माणूस कोठेही नोकरी मिळवू शकतो, त्यालाच अडतिसाव्या वर्षी मुलाखतीत विचारतात की, इतकी वर्षे तुम्ही एकाच पदावर कसे राहिलात? या प्रश्नाचे उत्तर 'साहेब चांगले होते' असे देता येत नाही.

'चांगला' हा शेरा

गोड शब्दाने वाट कशी बंद होते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा तो खटला, निकाल मे २००८ मधला. देव दत्त हे सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या खात्यात कार्यकारी अभियंता होते आणि त्यांना अधीक्षक अभियंत्याची बढती हवी होती. नियम असा की, आधीच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत 'अतिउत्तम' असा शेरा पाहिजे. देव दत्त यांना चार वर्षे तसा शेरा होता. १९९३-९४ या एका वर्षी वरिष्ठांनी फक्त 'चांगला' असे लिहिले होते. त्या एका 'चांगला'मुळे बढतीसाठी त्यांचा विचारच झाला नाही आणि त्यांच्या हाताखालचे पुढे गेले.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. कोणी त्यांना कामचुकार म्हटले नव्हते, चौकशी लावली नव्हती. 'चांगला' या शब्दाने कोणाचे वाईट होईल असे ऐकणाऱ्याला वाटणारही नाही. सरकारची बाजूही तीच होती : वाईट शेरा असेल तर कर्मचाऱ्याला कळवायचा असतो, चांगला कशाला कळवायचा? न्यायालयाने हे मान्य केले नाही. ज्या शेऱ्यामुळे बढती अडते तो शब्दाने कितीही गोड असला तरी परिणामाने प्रतिकूलच आहे. म्हणून प्रत्येक शेरा, मग तो कोणताही असो, कर्मचाऱ्याला वाजवी मुदतीत कळवला पाहिजे आणि त्यावर त्याला म्हणणे मांडता आले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. निकाल लागला तेव्हा देव दत्त निवृत्त झालेले होते. पुढे २०१३ साली सुखदेव सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हेच मत कायम केले. केंद्र सरकारच्या कार्मिक खात्यानेही १४ मे २००९ रोजी आदेश काढून २००८-०९ पासूनचा पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याची आणि त्याविरुद्ध पंधरा दिवसांत अर्ज करू देण्याची व्यवस्था केली.

सरकारी नोकरीतल्या वाचकांना आमचे सांगणे एवढेच की, अहवालाची प्रत हातात आली की ती घरी नेऊन कपाटात ठेवू नका, वाचा. गेल्या वर्षापेक्षा प्रतवारी खाली आली असेल तर कारण विचारा आणि मुदतीत अर्ज द्या. साहेबांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलात, तर पाच वर्षांनी बढतीच्या समितीपुढे तुमच्या गप्प बसण्याची किंमत शून्य असते. खासगी नोकरीत असा आदेश नाही. तेथे वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात आपल्याबद्दल काय लिहिले गेले हे मागून घ्यावे लागते. निकालातून शिकायचे ते दोन्हीकडे सारखेच आहे. तोंडी कौतुक ऐकून समाधान मानू नये, कागदावर काय आहे ते पाहावे.

चांगला माणूस साहेबाला सोडवत नाही

साहेब असे का करतो? द्वेषाने करणारे असतात, पण त्यांचे प्रमाण आपल्याला वाटते तेवढे नसावे. नेहमीचे कारण साधे आहे. साहेबाचे मोजमाप त्याच्या विभागाच्या कामावर होते. ज्या माणसामुळे महिन्याचा हिशेब वेळेवर लागतो, माल वेळेवर सुटतो, त्याला वर पाठवले तर साहेबाला नवा माणूस घेऊन शिकवावा लागेल, सहा महिने विभागाचे काम मागे पडेल आणि बोलणी त्यालाच खावी लागतील. म्हणून तो चांगल्या माणसाला धरून ठेवतो. त्यात त्याला आपण अन्याय करतो आहोत असेही वाटत नसते.

इनग्रिड हेगेले या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या कारखानदारी कंपनीतल्या नोंदी तपासून याच प्रश्नावर २०२२ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, हाताखालचा माणूस धरून ठेवण्याची वरिष्ठांची ओढ काही काळापुरती सैल झाली की, बढतीसाठी येणारे अर्ज १२३ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे दुपटीहून अधिक. लायक माणसे तेथेच होती, फक्त अर्ज करत नव्हती. वरिष्ठ अडवत होते म्हणून जे अर्ज करायचे थांबले होते, त्यांना अर्ज केल्यावर बढती मिळण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त निघाली. स्त्रिया वरच्या पदांवर कमी दिसतात त्यालाही ही धरून ठेवण्याची सवय हातभार लावते, असे त्यांचे अनुमान आहे.

हा शेवटचा मुद्दा आमच्या भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावा. 'तुम्हाला घर आहे, मुले आहेत, दौऱ्यावर कशाला त्रास देऊ', 'संध्याकाळच्या बैठकीला तुम्ही थांबू नका' ही वाक्ये आपुलकीची असतात. पण दौरा आणि बैठक येथूनच पुढच्या पदाची वाट जाते. जायचे की नाही हे तुम्ही ठरवा. साहेबाने तुमच्या वतीने आणि तुम्हाला न विचारता ठरवले, तर आपुलकीनेच वाट बंद झाली असे म्हणावे लागेल.

ओळखण्याच्या खुणा

एखाद्या प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये. सलग वर्ष-दीड वर्ष पुढील गोष्टी दिसत असतील तर मात्र विचार करावा.

पहिली खूण. काम वाढत जाते, पद आणि पगार वाढत नाही. सुट्टीवर गेलेल्या वरिष्ठाचे काम तुम्ही करता, नव्या आलेल्यांना तुम्ही शिकवता, किल्ल्या तुमच्याकडे असतात आणि पगारपत्रकावर मात्र तुम्ही कारकूनच असता.

दुसरी. तुमचे काम वर जाते, नाव जात नाही. अहवाल तुम्ही तयार करता, सही साहेबाची असते. सही त्याची असणे हा कचेरीचा नियम झाला, त्यात गैर नाही. पण मालकांपुढे किंवा मुख्य कचेरीतल्या लोकांपुढे तो तुम्हाला कधीच नेत नसेल आणि त्यांचा प्रश्न आला की तुमच्याकडून उत्तर घेऊन स्वतःच जाऊन सांगत असेल, तर ती खूण समजावी.

तिसरी. प्रशिक्षण, बदली, नवे यंत्र, नवी शाखा अशी संधी आली की नेमके त्याच वेळी 'तुमच्याशिवाय येथे चालणार नाही' हे वाक्य ऐकू येते. ऐकायला यापेक्षा गोड वाक्य नाही, आणि नोकरदाराला महाग पडणारे वाक्यही दुसरे नाही.

चौथी. आश्वासन असते, तारीख नसते. 'मार्चनंतर बघू.' मार्च जातो. 'या वर्षी कंपनीची स्थिती ठीक नाही.' तेही एखाद वेळ खरे असेल. तिसऱ्या मार्चलाही तेच ऐकू आले तर ते आश्वासन मोडीत काढावे.

पाचवी. चुका फक्त वेतनवाढीच्या वेळी सापडतात. अकरा महिने शाबासकी आणि बाराव्या महिन्यात 'अजून थोडी परिपक्वता यायला हवी'. परिपक्वता म्हणजे नेमके काय, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

सहावी खूण आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. त्या साहेबाच्या हाताखालून गेल्या पाच-सात वर्षांत कोण वर गेले, हे मोजा. जुन्या माणसांना विचारले की कळते. दोन-चार नावे निघाली तर साहेब माणसे घडवणारा आहे, तुमचीही पाळी येईल, धीर धरा. एकही नाव निघाले नाही आणि जे वाढले ते सगळे नोकरी सोडूनच वाढले असे दिसले, तर तुमच्या बाबतीत वेगळे घडेल असे मानायला आधार काय?

दोष देण्यापूर्वी

येथपर्यंत वाचून कोणी लगेच साहेबाला दोषी ठरवू नये. आधी तीन गोष्टी पडताळाव्यात.

एक, पुढच्या पदासाठी जे लागते ते आपल्याजवळ आहे का? बँकेत असाल तर जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा दिल्या आहेत का? सरकारी खात्यात असाल तर विभागीय परीक्षा सुटली आहे का? कारखान्यात नवे यंत्र आले ते चालवायला शिकलात का? इंग्रजीत पत्र लिहायची वेळ आली की दुसऱ्याकडे जाता का? ही कमतरता आपली असेल तर साहेबाच्या नावाने बोटे मोडून ती भरून निघणार नाही.

दोन, वर जागा आहे का? सात माणसांच्या कचेरीत एकच व्यवस्थापक असतो आणि तो मालकाचा भाचा असतो. तेथे कोणी अडवत नाही, जिनाच एका मजल्याचा आहे. अशा ठिकाणी शिकायचे ते शिकून घ्यावे आणि सलोख्याने निघावे.

तीन, साहेबाच्या हातात काही आहे का? अनेक मधल्या साहेबांची शिफारस वर कोणी वाचत नाही. तो स्वतःच दहा वर्षे एका जागी असेल तर तुम्हाला कोठून वर नेणार? अशा साहेबावर रागावण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या मनात असणार, ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'माझ्या नावामुळे तर हे होत नाही ना?' नोकरीच्या दारात नावाचा फरक पडतो, याला पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून २००७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. मुसलमान नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाहून बरीच कमी निघाली. तो अभ्यास अर्ज घेण्याबद्दलचा होता, बढतीबद्दलचा नव्हता. म्हणून आपल्या कचेरीत काय आहे ते आपल्यालाच पाहावे लागते. सहावी खूण येथेही उपयोगी पडते. साहेबाच्या हाताखालून कोणीच वर गेले नसेल तर त्याने सर्वांनाच धरून ठेवले आहे. बाकीचे जात असतील आणि तेच काम, तीच पात्रता, तीच वर्षे असताना आपणच राहत असू, तर शंकेला जागा आहे. तेव्हा तारखांसह लेखी विचारणा करावी. प्रत्येक नकारात नावच कारण आहे असे धरले तर माणूस स्वतःची सुधारणा थांबवतो, आणि कधीच नसते असे धरले तर हक्क सोडून बसतो. दोन्हीही घातक.

मग करावे काय?

प्रथम एक वही करावी. कोणते काम केले, कोणत्या तारखेला, त्यामुळे कंपनीचे काय वाचले किंवा काय मिळाले, एवढेच लिहावे. साहेबाबद्दलची तक्रार त्यात लिहू नये. वर्षाअखेर बोलायला बसाल तेव्हा ही वही तुमच्या बाजूने साक्ष देईल.

नंतर साहेबाशी सरळ बोलावे. आवाज चढवू नये, दुसऱ्याच्या पगाराचा उल्लेख करू नये. दोनच प्रश्न विचारावेत. पुढच्या पदासाठी माझ्यात काय कमी आहे? आणि ते भरून काढले तर माझा विचार कोणत्या महिन्यात होईल? घरी आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी साहेबांना चार ओळींचे पत्र पाठवावे : आपण वेळ दिलात, आभारी आहे, आपण अमुक अमुक सांगितले, त्याप्रमाणे मी करीत आहे. भांडण नाही, धमकी नाही, फक्त नोंद. प्रामाणिक साहेब अशा पत्राने खूश होतो, कारण त्याला वर शिफारस करायला आधार मिळतो. अडवणारा साहेब अस्वस्थ होतो, आणि त्यावरूनही तुम्हाला कळायचे ते कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या जागी एक माणूस तयार करावा. अनेकजण उलट करतात. आपले काम कोणाला येऊ नये म्हणजे आपली गरज राहील, असे त्यांना वाटते. गरज राहते हे खरे, पण त्याच खुर्चीवर राहते. 'तुमच्याशिवाय चालणार नाही' या वाक्याला उत्तर म्हणून 'अमुक आता हे काम पाहतो' असे म्हणता आले पाहिजे.

मग मुदत ठरवावी. सहा महिने, फार तर वर्ष. मुदतीत काही हलले नाही तर त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात जागा पाहावी, तेथेही नसेल तर बाहेर पाहावी. मात्र राग डोक्यात ठेवून राजीनामा लिहू नये. दुसरे नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय पहिली नोकरी सोडू नये. सूचनेची मुदत पूर्ण करावी, कामाचा ताबा लेखी द्यावा, कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. भविष्य निर्वाह निधी काढून खर्च करण्यापेक्षा नव्या नोकरीत वर्ग करावा. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या निधीवर कर लागू शकतो, वर्ग केला तर जुनी सेवा मोजली जाते. उपदानासाठी कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांची सेवा लागते. मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी एका वर्षानंतर ते देऊ केले आहे. चार वर्षे चार महिने झाले असताना साहेबाच्या एका बोलण्यावर राजीनामा फेकणारा माणूस साहेबाचे काही बिघडवत नाही, स्वतःची रक्कम मात्र घालवतो.

आखातातले साहेब

आमचे पुष्कळ वाचक, विशेषतः रत्नागिरी आणि रायगडकडचे, आखाती देशांत नोकरी करतात किंवा त्यांच्या घरचे कोणी तेथे आहे. तेथे साहेबाच्या हातात शेऱ्याहून मोठे हत्यार होते : ना हरकत दाखला. दुसऱ्या कंपनीने जास्त पगार देऊ केला तरी पहिल्या मालकाच्या सहीशिवाय जाता येत नसे. चांगल्या मेकॅनिकला, चांगल्या हिशेबनीसाला हा दाखला मिळणे सर्वांत कठीण, कारण त्याला सोडायची मालकाची इच्छा नसे. जो कामाचा नाही त्याला दाखला लगेच मिळे. चांगले काम करणे हीच अडचण व्हावी, याचे याहून उघड उदाहरण सापडणार नाही.

कतारने २०२० साली कायदा बदलून ही अट काढून टाकली. दोन वर्षांपर्यंत नोकरी झालेल्याने एक महिन्याची आणि त्याहून जास्त झालेल्याने दोन महिन्यांची सूचना देऊन दुसरीकडे जावे, अशी तरतूद झाली. सौदी अरबस्तानात मार्च २०२१ पासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना एक वर्षानंतर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची वाट खुली झाली. घरकामाला असलेले आणि घरचे वाहनचालक मात्र त्या सुधारणेत नव्हते, हे व्हिसा घेण्यापूर्वी समजून घ्यावे. तेथून फोनवर 'साहेब दाखला देत नाहीत' असे कोणी सांगत असेल, तर आज त्या देशात त्याची गरज आहे का, हे आधी विचारून घ्यावे. कायदा बदलला आहे आणि ज्याच्यासाठी बदलला त्यालाच ते माहीत नाही, असे होऊ नये.

मालकांसाठी दोन शब्द

हे व्यापाराचे पान आहे, तेव्हा आमच्या वाचकांत मालकही आहेत. कोणाचे दुकान, कोणाचे गॅरेज, कोणाचे वीस-पंचवीस माग. लेख वाचताना त्यांच्या मनात आपला जुना साहेब आला असेल. आता आपल्याकडचा सर्वांत कामसू मुलगा आठवावा. तो किती वर्षे आहे? आला तेव्हा जे करत होता त्याहून वेगळे काय करतो? मालाची खरेदी, बँकेची कामे, गिऱ्हाइकाशी भाव ठरवणे यांपैकी काही त्याच्यावर सोपवले आहे का? की तो काउंटरवर चांगला आहे म्हणून काउंटरवरच ठेवला आहे?

अशा मुलाला धरून ठेवण्याने तो राहत नाही. एक दिवस तो समोरच्या गल्लीत स्वतःचे दुकान टाकतो आणि आपण म्हणतो, उपकार विसरला. त्याला आधीच जबाबदारी दिली असती, नफ्यात थोडा वाटा दिला असता, तर समोरचे दुकान आपलीच दुसरी शाखा झाली असती. हाताखालचा माणूस वर गेला तर आपली गैरसोय होते, हे मान्य. ती सहा महिन्यांची असते. त्याची वाट अडली तर त्याचे जे जाते ते आपल्याला भरून देता येत नाही.

नोकरदार वाचकांनी या आठवड्यात एवढेच करावे, वर सांगितलेली सहावी खूण आपल्या कचेरीला लावून पाहावी. मालक वाचकांनी तीच आपल्या दुकानाला लावावी. जे उत्तर येईल त्यावरून पुढचे पाऊल ठरवता येईल.